डाव्या हाताचा उजेड

हैदराबादच्या त्या मोठ्या दवाखान्यात तळघरात एक विभाग आहे. तिथे माणसाला आधी उपाशी बोलावतात, मग शिरेतून साखर टोचतात, आणि मग तासभर एका लहानशा खोलीत एकट्याला बसवून ठेवतात. त्या साखरेला किरणोत्सर्गी काहीतरी जोडलेलं असतं, म्हणून तेवढ्या वेळापुरतं त्या माणसाच्या जवळ कुणी थांबायचं नाही. बाहेर बाकड्यांच्या रांगा. तिथे बसलेला प्रत्येक जण कुणाची तरी बायको, भाऊ, नाहीतर मुलगी. पहिल्या खेपेला मी शेजारच्या बाईशी बोलायला गेले होते. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला कळलं की इथे बोलायचं त्राण कुणातच उरलेलं नाही. आता मीही त्यांच्यातलीच झाले होते. पर्स मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं, एवढं मला चांगलं जमायला लागलं होतं.

आत होते ते माझे यजमान. पूर्णेला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात खिडकीमागे ह्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन वर्षही झालं नसेल, एका सकाळी दाढी करताना मानेला डावीकडे गाठ लागली. मी शाळेत शिक्षिका, म्हणजे सगळ्याच विषयांत मत असणारी. म्हटलं, थंडीनं सुजली असेल, शेक घ्या. शेकानं काही झालं नाही. मग नांदेड झालं, आणि रेल्वेच्या दवाखान्यानं पुढे हैदराबादला धाडलं. लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. औषधांनी तो दबला, आम्ही घरी येऊन श्रीखंड केलं, आणि श्रीखंडाचा डबा फ्रिजमधून संपतो न संपतो तोच तो पुन्हा उठला. या वेळी मानेबरोबर काखेतही.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता एकच मोठा इलाज आहे. ह्यांच्याच रक्तातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, गाळून काढायच्या आणि गोठवून ठेवायच्या. मग असं जहाल औषध द्यायचं की आजारही जावा आणि हाडांतला मगजही कोरा व्हावा. आणि त्यानंतर त्या ठेवलेल्या पेशी परत शिरेतून सोडायच्या. ह्यांनी आपल्या बुकिंगच्या खिडकीतल्या हिंदीत विचारलं, म्हणजे बियाणं बाजूला काढून रान जाळायचं आणि मग पेरायचं का? डॉक्टर हो म्हणाले. ह्यांना एवढ्यानं पटलं. मला पटलं नव्हतं, पण मला कुणी विचारलंही नव्हतं.

ते सगळं होऊन तीनेक महिने लोटले होते. पेरलेलं उगवलंय हे रक्ताच्या तपासणीवरून कळत होतं. पण तण मुळासकट गेलं का, हे कळायला हे तळघर. आजाराच्या पेशी साखरेच्या हावरट असतात. टोचलेली साखर जिथे जास्त खाल्ली जाते, ती जागा यंत्राच्या चित्रात उजळून दिसते. मग डॉक्टर त्या चित्राकडे बघतात आणि आम्ही डॉक्टरांच्या तोंडाकडे.

त्या चित्रावर काय अवलंबून होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पेशी परत सोडल्यानंतर ह्यांना काचेच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. तोंडभर फोड, गिळता येईना, केस गेले, भुवया गेल्या. मी काचेबाहेरून फोनवर बोलायची. तिथून बाहेर आले त्या दिवशी हे चाकाच्या खुर्चीत बसून म्हणाले, "पुन्हा ह्या खोलीत मला आणू नको. काय व्हायचं ते होऊ दे. घरी होऊ दे." मी बरं म्हणाले. दमलेलं माणूस कशालाही बरं म्हणतं. पण हे मनापासून बोलले होते, हे मला कळत होतं. आजार परत दिसला, तर पुढचा रस्ता त्याच खोलीतून जाणार होता, आणि हे काही तिकडे पाय टाकणार नव्हते.

आता एक घरची गोष्ट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग जिवंतपणी अंगावरून उतरत नाही. ह्यांचं लिंग चांदीच्या लहान डबीत असतं आणि डबी शिवदाऱ्यात ओवलेली, छातीवर. रोज आंघोळीनंतर हे डबीतून लिंग काढतात, डाव्या तळहातावर ठेवतात, हात डोळ्यांच्या उंचीला धरतात आणि त्याच्याकडे टक लावून बसतात. हात हलत नाही, पापणी क्वचित लवते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्यांचा हात दुखत कसा नाही? माझ्या माहेरी पूजा अशी पाच मिनिटांची, घाईची असायची. ह्यांची मात्र चहा दोनदा गरम करावा लागेल इतकी. त्या काचेच्या खोलीतसुद्धा विभूती चालणार नाही, बेल-फूल चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर ह्यांनी नुसतं पाणी वाहून पूजा केली, पण चुकवली नाही.

तळघरातल्या बाई या खेपेला नव्या होत्या, हैदराबादी बोलणाऱ्या, आमच्याच वयाच्या. आधीच्यांनी डबीला कधी हरकत घेतली नव्हती. ह्या डबीकडे बघून म्हणाल्या, "चाचा, धातू नै चलता. फोटो खराब होता." ह्यांचा चेहरा पडला. मग मीच सुचवलं की डबी तेवढी माझ्याजवळ राहू दे, आतलं लिंग पांढऱ्या कपड्यात बांधून गळ्यात ठेवू. ते काही धातूचं नाही. बाईंनी आत जाऊन विचारलं आणि हो म्हणून आल्या. मग उजव्या हाताला सुई लावली आणि ह्यांना सांगितलं, "एक घंटा चुप बैठना. बोलना नै, चलना नै, फोन देखना नै." ह्यांनी मान हलवली. सांगितलेलं ऐकणाऱ्यांतले हे पहिल्यापासूनच.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. त्यांच्या पडद्यावर काळ्यावर नारिंगी असा एक माणूस उभा होता. त्यात ह्यांना ओळखायला मला वेळ लागला. डोकं उजळलेलं होतं, ते सगळ्यांचंच उजळतं म्हणाले, मेंदू साखर खातोच. मूत्राशय उजळलेलं, तेही सगळ्यांचंच. मान स्वच्छ होती. माझा जीव मानेपाशीच भांड्यात पडणार होता, तेवढ्यात डॉक्टरांनी पेनचं टोक खांद्यावर ठेवलं. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत उजळलेला होता. उजवा काळा आणि डावा नारिंगी.

डॉक्टर म्हणाले, हाताची काळजी नाही, राबलेला स्नायूही साखर खातो. पण खांद्याच्या आत, काखेत, एक उजळ ठिपका आहे. तो स्नायूचा की गाठीचा, ते हाताच्या एवढ्या चमकेत वेगळं करता येत नाही. आणि काखेत आधी गाठ होतीच. मग त्यांनी ह्यांना विचारलं, टोचल्यानंतर त्या तासात डाव्या हातानं काही काम केलं का? काही उचललं? व्यायाम?

"काही नाही," हे म्हणाले. "स्वस्थ बसलो होतो."

मीही म्हणाले, अहो डॉक्टर, हे घरीसुद्धा काही उचलत नाहीत. डॉक्टर हसले नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा चित्र काढू म्हणाले, आणि तेव्हाही ठिपका असला तर काखेत सुई घालून तुकडा तपासायला घेऊ.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांगितलेला हा माणूस गाडी कुठे, का थांबली, हे सगळं मला न विचारता सांगत असतो. त्या दिवशी निजामाबादला गाडी बराच वेळ उभी राहिली तरी काही बोलले नाहीत. मी डबा उघडला. हे दोन घास खाऊन म्हणाले, "डावीकडंच हाय ना गं परत." मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. पण माझ्या मनात ठरून गेलं होतं.

घरी ह्यांच्या मोठ्या बहीण होत्या. अक्का राणीसावरगावच्या. यजमान गेल्यापासून शेती पुतण्यांकडे देऊन मोकळ्या झालेल्या. ह्यांच्या आजारपणात आमचं घर त्यांनीच ओढलं हे मी कधी विसरणार नाही, आणि अक्काही मला ते विसरू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पूजेला बसले. अक्का माजघराच्या उंबऱ्याशी शेंगा फोडत होत्या. मी कपबशी घेऊन दारात उभी राहिले. माझं लक्ष ह्यांच्या डाव्या हाताकडे गेलं आणि तिथेच थांबलं. आजारानं हात काटकुळा झालेला. कोपराच्या वरचा स्नायू ताणलेला आणि अगदी बारीक थरथरत असलेला. हात तसाच, डोळ्यांच्या उंचीला.

पूजा आटपल्यावर मी विचारलं, "अहो, त्या खोलीत तासभर तुम्ही काय करत होता?"

"सांगितलं की. बसलो होतो."

"पूजा केली?"

"केली की," हे म्हणाले. "लिंग डबीत नव्हतं, कपड्यात होतं, मनाला बरं वाटंना. मग घेतलं हातावर. बोलायचं न्हाई म्हणल्या, बोललो न्हाई. हलायचं न्हाई म्हणल्या, हललो न्हाई. एवढा निवांत तास घरी तरी कुठं मिळतोय?"

मी तिथेच खाली बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आमच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. डॉक्टरांनी काम केलं का विचारलं होतं. पूजेला काम म्हणायचं हे ह्यांच्या काय, आमच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हणाले, "म्हणजे नुसता स्नायू आहे हो. हात धरून धरून उजळलाय."

पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. दोन्ही हात जोडून त्या भावासमोर आल्या.

"शिव शिव शिव! ज्या हातावर देव बसिवला त्योच हात उजाळला! आन् तू म्हणतीस स्नायू?" त्यांचे डोळे भरून आले होते. "मशीनला बी दिसला, वैनी. मशीनला बी दिसला."

मी त्याच सकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना पूजा समजावून सांगायला मला शाळेत भागाकार शिकवायला लागतं तेवढा वेळ लागला. ते म्हणाले, शक्य आहे, अगदी शक्य आहे. पण काखेतला ठिपका नुसत्या शक्यतेवर सोडता येणार नाही. पुढच्या वेळी त्या तासात दोन्ही हात खाली, अंगावर पांघरूण. त्या वेळी काख काळी आली तर सुटलो.

म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. माझ्याच्यानं आता वाट बघवत नव्हती. शाळेत पोरं दंगा करायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, ओरडायचं बळ नसायचं. घरी आलं की ह्यांचा ताप बघायचा, उकळलेलं पाणी बघायचं. ह्यांच्या काखेला हात लावून बघायची फार इच्छा व्हायची. एकदा लावलाही. हे म्हणाले, गुदगुल्या होतात. मी हात काढून घेतला.

अक्कांना मात्र नवं बळ आलं होतं. दोन दिवस गावाकडे जाऊन येते म्हणाल्या आणि जाताना दवाखान्यानं दिलेला तो रंगीत कागद पिशवीत घालून घेऊन गेल्या. मला वाटलं पुतण्यांना दाखवायला. पुतण्यांना दाखवला, मग मठात दाखवला, मग कुणी तरी त्याचा फोटो काढला आणि तो फोनाफोनी फिरत फिरत गंगाखेडहून माझ्याच शाळेतल्या एका बाईंच्या फोनवर आला. बाईंना माहीत नव्हतं की हा हात आमच्या घरातला. त्या मला म्हणाल्या, बघा, कलियुगातही असतं बरं काही काही. खाली लिहिलं होतं, इष्टलिंगाचं तेज. चमकायला त्या चित्रात मूत्राशयही चमकत होतं, पण त्याला कुणी नमस्कार केला नव्हता.

मग माणसं यायला लागली. पहिल्यांदा नात्यातली, मग गावातली, मग ओळखीचीही नसलेली. कुणी किराणा दुकानदार, कुणी शेतकरी, एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. पायांवर डोकं ठेवू म्हणायची, डाव्या हाताला हात लावू म्हणायची. ह्यांना गर्दी वर्ज्य, साधी सर्दीही परवडायची नाही. मी दारातच उभी राहायला लागले. मास्क नसेल तर आत नाही, खोकला असेल तर आत नाही. येईल त्याच्या तळहातावर मी तीर्थासारखं सॅनिटायझर घालायची. काही जणांनी उजवा हात पुढे करून ते खरंच तीर्थासारखं घेतलं. एका म्हातारबांना पिताना अडवावं लागलं.

अक्का सगळ्यांना चहा करत होत्या. मी चिडून एकदा म्हणाले, "अक्का, हा आजार असू शकतो. कळतंय का तुम्हाला? डॉक्टरला त्यात गाठ दिसतेय, आणि तुम्ही त्याच्यापुढे नारळ फोडायला लागलात."

"मला लय कळतंय," त्या म्हणाल्या. "तुला न्हाई कळंना. इतक्या दिवस समदे त्याला आता गेला, आता गेला म्हणून बघायलेत. कोण शिवत तरी होतं का त्याला? आता बघ."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच मला फार लागलं. केस गेल्यापासून लोक दारातूनच तब्येत विचारून जायचे. बुकिंग ऑफिसातले जुने सोबती आले तरी खुर्चीच्या टोकावर बसायचे, मरणाच्या घरी बसतात तसे. आणि आता लोक ह्यांच्याजवळ यायला धडपडत होते. हे आधी लाजायचे, अहो असं काही नाही, म्हणायचे. नंतर म्हणायचं सोडलं. धुतलेला सदरा घालून सकाळी ओसरीवर बसायला लागले. कुणी पोरीचं लग्न जमेना म्हणून सांगायचं, कुणी मोटर जळाली म्हणून. हे डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवायचे. ह्यांच्या तोंडावर मला जे दिसत होतं ते काचेच्या खोलीपासून दिसलं नव्हतं. दोन भाकरी खात होते. मला राग येत होता, आणि तो राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. माझ्या नवऱ्याला बरं वाटत होतं ते एका ठिपक्यामुळे, आणि तो ठिपका पुसला जावा म्हणून मी उठता बसता शिवाला हात जोडत होते.

जायचा दिवस जवळ आला. जेवणं झाल्यावर अक्कांनी मनातलं बाहेर काढलं. त्या ह्यांना म्हणाल्या, "आप्पा, ह्या बारीला बी पूजा कर तिथं. मठातले स्वामी बी म्हणलेत. डाक्टरला दुसऱ्यांदा दिसलं की त्यो बी मानंल."

मी म्हणाले, "मानणार नाही. काखेत सुई घालेल."

"घालू दे. देवाच्या हातात सुई जात नसती."

हे दोघींच्या मध्ये बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही, बहिणीकडेही नाही. सुपारीचं खांड उचललं, तोंडात टाकायला आता परवानगी नाही हे आठवलं, आणि परत तबकात ठेवलं. "झोपा आता," एवढंच म्हणाले. मी त्यांना काय ते स्पष्ट विचारायला हवं होतं, पण नको ते उत्तर आलं तर पुढे भांडायची ताकद माझ्यात नव्हती.

तळघरात पुन्हा तीच बाकडी, त्याच बाई. डबी माझ्या पर्समध्ये, लिंग पांढऱ्या कपड्यात, उजव्या हाताला सुई. बाईंनी या वेळी पांघरूण आणून दिलं आणि बजावलं, "चाचा, हात नीचे. दोनों." ह्यांनी मान हलवली. सांगितलेलं ऐकायची ह्यांची मान मला ओळखीची आहे. ही ती नव्हती.

खोलीच्या दारात हे थांबले. मला जवळ जाता येत नव्हतं, सुई टोचून झाली होती. चार हातांवरून हे म्हणाले, "गावाकडून फोन आला होता सकाळी. लोक मठात बसलेत म्हणे." मग डाव्या हाताकडे बघून म्हणाले, "काय करू? हात वर धरू का खाली?"

मला तेव्हा खूप बोलता आलं असतं. स्नायू, साखर, काख, सगळं पुन्हा सांगता आलं असतं. देव हातावर नसतो, मनात असतो, असलंही काही बोलता आलं असतं. पोरांना शिकवताना आम्ही तेच करतो. पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मला कंटाळा आलाय हो. मला तुम्ही पाहिजे. हाताचं तुम्ही बघा."

बाईंनी दार लावलं. त्या दाराला काच नाही.

तो तास मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. पर्समध्ये हात घालून डबी धरून बसले होते. शेजारच्या माणसानं केळं पुढे केलं, ते घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. ह्यांनी हात वर धरला असेल, असं मला सारखं वाटत होतं. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित धरला असता. इतक्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासमोर वाकावं, आणि ते सगळं आपणच पांघरुणाखाली विझवून टाकावं, हे सोपं नाही.

दुपारी डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. डोकं उजळलेलं, मूत्राशय उजळलेलं. उजवा हात काळा. डावा हात काळा. काखेत काही नाही. डॉक्टर पुन्हा एकदा त्या काळ्या जागेवरून पेन फिरवत म्हणाले, स्वच्छ आहे, सगळं स्वच्छ आहे, आता काही महिन्यांनी या. मला वाटलं होतं मी रडेन. मला फक्त झोप आली. तिथेच खुर्चीत, डॉक्टरांसमोर, डोळे मिटायला लागले.

बाहेर आल्यावर हे डाव्या हाताचा पंजा उघडत-मिटत होते. मी विचारलं, दुखतोय का? "मुंग्या आल्यात," हे म्हणाले. "सारखा वर जायला लागला आपोआप. शेवटी मांडीखाली दाबून त्याच्यावर बसलो." मग म्हणाले, "लय मोठा तास होता गं."

मी डबी काढून दिली. ह्यांनी लिंग आत ठेवलं, गळ्यात घातलं, आणि आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. कप तोंडाला लावते तोच अक्कांचा फोन आला. मागे माणसांचा आवाज येत होता. मठातच असणार.

"काय झालं गं? दिसला का?"

"अक्का, रिपोर्ट चांगला आलाय. आजार कुठेच नाही."

"ते झालंच. हाताचं सांग. हात उजाळला का?"

"नाही. हात काळा आला."

मागचे आवाज हळूहळू थांबले. अक्कांनी तिथल्यांना सांगितलं असावं. मग त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, आणि त्या रडत आहेत हे मला कळलं. त्यांना इतकं रडताना मी त्यांच्या यजमानांच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

"गेला म्हणजे," त्या म्हणाल्या. "आला हुता घरात, आन् आपुन घालिवला. आता काय राह्यलं गं वैनी?"

हे माझ्याकडे बघत होते. मला अक्कांचा राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "तुमचा भाऊ राहिलाय."